माळ्यावरची पेटी

गवताच्या अढीत पिकणाऱ्या हापूसचा वास आला की अजूनही आधी माझे कान टवकारतात. तोंडाला पाणी मागाहून सुटतं.

मी नुकताच मॅट्रिक झालो होतो, म्हणजे भुतांवर माझा विश्वास नव्हता. वारलेल्या काकांची बाजाची पेटी मालवणच्या घरी माळ्यावर, अढीमागे पडून होती. दुपारी घर पेंगलं की ती हळूच वाजायची. वडील म्हणाले, "उद्या ती दर्यात टाकतलंय."

मी शहाणा, नारळ घेऊन माळ्याकडे निघालो. पाय शिडीवरच अडले, म्हणून तिथूनच डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं, "बा काका म्हाराजा, तुझी काय इच्छा रवली आसात तर सांग, पण आमका सतावू नको रे म्हाराजा!"

सूर थांबले. गाऱ्हाण्याला मंडळी देतात तसंच उत्तर अढीमागून आलं, "व्हय म्हाराजा!"

नारळ सुटला तो थेट माझ्या अंगठ्यावर. डोळे उघडले, तर विधवा काकी पदरात तोंड दाबून हसत होती. मग तिचं हसू मावळलं. "ह्यांनीच चोरून शिकयलेली रे. भावोजींका सांगतलंस?"

मी लंगडत खाली आलो. "काकाच आसत! पेटी हलवलास तर कोपतले!"

पेटी वाचली, दुपारी वाजत राहिली. गावात मी 'भुताक भियालेलो मॅट्रिक' झालो. पण वडलांना कसं फसवलं, या ऐटीत राहिलो. वडील खरंच भुताला भ्याले असते, तर रोज दुपारी त्यांनी आपली चटई त्याच माळ्याखाली का सरकवली असती, हे मात्र मला म्हातारपणी सुचलं.