मुरारीच्या कानामागचा हात

मुरारी ढमालेचा उजवा गुडघा दुखतो, ही बातमी मी आजपर्यंत किमान पंधरा वेळा वाचलीय. पावसाळ्यात दुखतो, थंडीत जास्त दुखतो, कुठल्याशा तेलाने जरा कमी दुखतो. अरे, माणूस अठ्ठावन्न वर्षांचा झाला, दुखणारच! माझाही दुखतो. माझ्याकडे नाही कोणी माईक घेऊन आलं.

खरं तर मला मुरारीबद्दल बोलायचंच नाही. मला सांगायचंय ते विजयश्रीबद्दल. पण आमच्याकडे बास्केटबॉलचं काहीही बोलायला गेलं की आधी मुरारीच्या दारावरून जावं लागतं, त्याला इलाज नाही. तर उरकून टाकतो. मुरारी चाकणजवळच्या खेड्यातला. कंपनीच्या टीमकडून खेळता खेळता थेट देशाकडून खेळला. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका मोठ्या फायनलमध्ये शेवटच्या सेकंदाला त्याने रिंगकडे पाठ करून, न बघता, डोक्यावरून बॉल मागे फेकला आणि तो पडला आत. भारीच होता राव तो, मी नाही म्हणत नाही. वर्षभराने तो निवृत्त झाला. पण पेपरवाले, चॅनेलवाले आणि आता मोबाईलवर चॅनेल काढलेले हे नवे, यांच्या लेखी तो बॉल अजून खाली पडलेलाच नाही.

दरवर्षी त्या तारखेला अर्धं पान. ‘मुरारी आज खेळत असता तर?’ मुरारी चहात साखर किती घेतो. मुरारीच्या कुत्र्याचं नाव काय. कोणी पोरगा बरा खेळला की तो ‘छोटा मुरारी’, पोरगी बरी खेळली की ‘लेडी मुरारी’. म्हणजे त्या पोरीला आईबापांनी नाव ठेवलंय, बारसं केलंय, त्याला काही अर्थच नाही! वाचताना अक्षरशः शिसारी येते. आणि मुरारी? तो भला माणूस आहे. दर वेळी ‘अहो, कशाला’ म्हणतो, आणि दर वेळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार असतो.

मी नवनाथ. गाव कुरुळी. तेहतीस वर्षं फिटर होतो, आणि जवळजवळ तितकीच वर्षं सुट्टीच्या दिवशी बास्केटबॉलच्या टेबलावर बसतोय. हातात स्टॉपवॉच, पुढ्यात शाळेत असते तशी पितळी घंटा. वेळ संपली की घंटा मारायची आणि मारताना बॉल खेळाडूच्या हातात आहे की सुटलाय ते बघायचं. हातातून सुटल्यावर घंटा झाली तर बास्केट धरतात, आधी झाली तर नाही. एवढंच माझं काम.

आता विजयश्री. ही लातूरकडची. शाळेत असताना चांगली खेळायची, लग्न होऊन चिखलीत आली आणि संसाराला लागली. चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत ती शेवटच्या तपासणीवर आहे. तिच्या हातात हिरवा शिक्का. तिने तो मारला की माल गाडीत चढतो. पहाटे पावणेसहाची कंपनीची बस, साडेचारला परत, आणि पाचला बाई चिखलीच्या ग्राउंडवर, पोरींना बास्केटबॉल शिकवायला, गळ्यात शिट्टी. आठ वर्षं. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी पगार देत नव्हतं. आजूबाजूला सगळी लेथची शेडं, लोखंडाचा चुरा वाऱ्यावर कोर्टावर येतो, पोरी पडल्या की गुडघ्यात घुसतो. तर हिने फुटक्या स्पीकरमधलं मोठं लोहचुंबक काढलं, त्याला दोरी बांधली, आणि रोज खेळाआधी एका पोरीने ते सगळ्या कोर्टावर ओढत न्यायचं असा नियमच केला. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसलो होतो. फेरी संपल्यावर बघतो तर त्या चुंबकाला मूठभर चुरा चिकटलेला!

तिचा अजून एक नियम होता, कंपनीतला. न बघता शिक्का मारायचा नाही. एकदा सुपरवायझर घाईत होता, म्हणाला, मॅडम, मारा की, सगळे पीस सारखेच असतात. ही म्हणाली, “सारखेच असतेत तर मला कशाला बसवलंय हितं?” आणि गाडी पाऊण तास थांबवून ठेवली. तिला त्याबद्दल मेमो मिळाला. तो तिने घरी नीट जपून ठेवलाय.

तिची सगळ्यात चांगली पोरगी हर्षाली. अठरा वर्षांची, लांब हातांची, बोलायला मुखदुर्बळ पण कोर्टावर वाघीण. बाप चिमाजी, मोशीकडचा, जमीन गेली आणि स्वतः कंपनीत प्रेस मशीनवर कामाला लागला. त्याने पोरीला स्वच्छ सांगितलं होतं, “राज्याच्या स्पर्धेला गेलीस तर पुढं शिकवीन. न्हाई तर दिवाळीनंतर कंपनीत.” राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र असलं की तिला खेळाच्या कोट्यातून शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात प्रवेश मिळणार होता. वय बसण्याचं हे तिचं शेवटचं वर्ष. आणि राज्याला जायला एकच मॅच जिंकायची होती, सांगवीच्या टीमविरुद्धची फायनल, आमच्याच ग्राउंडवर.

विजयश्री प्रत्येक पोरीला एक फाईल करायला लावते. पुढे प्रमाणपत्रं, मागे पेपरातली कात्रणं. आठ वर्षं झाली, कात्रणांची पानं कोरी. फायनलच्या आधी ती मला म्हणाली, “नवनाथभाऊ, पेपरात चार ओळी आल्या ना, तर घरचे पोरीला ग्राउंडवर सोडतेत बगा. नाव छापून आलं की बाप बदलतोय.”

आणि मग मी तोंड उघडलं. मीच! दुसऱ्या कोणाला बोल लावायची सोय नाही. मी म्हणालो, “ताई, मुरारीला प्रमुख पाहुणा म्हणून बोलवा. तो आला की पत्रकारांची रांग लागेल.” “पाहुणा मोठा झाला की पोरी लहान होतेत, भाऊ,” म्हणाली. मी म्हणालो, काही होत नाही, मी आहे ना टेबलावर.

आले की सगळे! दोन पेपरचे फोटोग्राफर, तीन मोबाईलवाली चॅनेलं, आणि त्या सगळ्यांचा म्होरक्या सनी. हा सनी म्हणजे केसांना जेल, हातात माईक आणि तोंडात चोवीस तास ‘लेजंड’. आल्या आल्या त्याने पोरींना हाकलून मुरारीला मधल्या गोलात उभं केलं. शाल, नारळ, हार. हार फोटोत नीट आला नाही म्हणून पुन्हा हार. पोरी वॉर्मअप करून घामेजल्या होत्या, त्या उन्हात पाऊण तास उभ्या, गार पडल्या. विजयश्री सनीला जाऊन म्हणाली, “पोरींची नावं लिहून देऊ का?” तो म्हणाला, “नंतर, मॅडम, नंतर. आधी दादांचा बाईट.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण बोलावलं कोणी होतं? मीच.

मॅच सुरू झाली तरी यांचं तोंड मुरारीकडेच. कॅमेऱ्यांची पाठ कोर्टाला! मुरारी पाणी पितोय, घ्या. मुरारी टाळी वाजवतोय, घ्या. आणि पहिल्या मिनिटापासून सनीचं एकच तुणतुणं, “दादा, तो शॉट! एकदा! लोकांसाठी!” कोर्टाला लागूनच सरावाची एक जादा रिंग आहे, माझ्या टेबलाच्या बरोबर मागे. तिकडे बोट दाखवून दाखवून त्याने पिच्छा पुरवला.

शेवटी सांगवी एक्केचाळीस, आम्ही चाळीस. अकरा सेकंद उरलेले. विजयश्रीने टाइमआउट घेतला. पोरींना गोल करून काय सांगत होती, मला ऐकू आलं नाही, पण हर्षालीच्या खांद्यावर तिचा हात होता, ते दिसलं. नेमका तेव्हाच मुरारी ‘नको नको’ म्हणत उठला. नको म्हणत होता, पण उठला. अर्धं ग्राउंड त्याच्या मागे सरावाच्या रिंगकडे.

टाइमआउट संपला. बॉल आत आला, मी स्टॉपवॉच सुरू केलं. अकरा, दहा, नऊ. हर्षाली डावीकडून सुटली. आणि माझ्या मागे जी काय आरोळी उठली, ‘मुरारी! मुरारी!’, शेडं हादरतील अशी. आणि माझी मान मागे वळली.

एकतीस वर्षांत जी कधी वळली नव्हती, ती वळली. पेपरवाल्यांच्या नावाने बोटं मोडणारा मीच बघत बसलो, मुरारीने पाठ केली, गुडघा धरून जरा वाकला, बॉल डोक्यावरून फेकला. तो रिंगला लागला तर नाहीच, वडापावच्या गाडीच्या छपरावर जाऊन पडला. तरीही लोक नाचले! मी हातातल्या घड्याळाकडे बघितलं, शून्य. घंटा मारली. मग पुढे वळलो. हर्षाली रिंगखाली उभी, बॉल जाळीतून पडून टप्पे घेतोय.

रेफ्री शेखर सर धावत टेबलाकडे आले. बास्केट त्यांनी बघितली होती, पण त्या गोंगाटात घंटा ऐकूच आली नव्हती. म्हणाले, “नवनाथ, तू घंटा मारलीस तेव्हा बॉल हातात होता की सुटला होता?”

सांगवीचा कोच समोर. आमच्या पोरी एकमेकींचे हात धरून. मी ‘सुटला होता’ एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. सगळे माझं ऐकतात, माझ्या शब्दावर आजवर कोणी शंका घेतली नाही. मी तोंड उघडलं, तेवढ्यात विजयश्री येऊन उभी राहिली.

“नवनाथभाऊ,” ती म्हणाली, “तुमी जे बगितलं तेवढंच सांगा.”

तिला वाटलं होतं मी बघितलंय. अहो, तिला खात्री होती! तिच्या त्या चेहऱ्यासमोर मला खोटं बोलवलं नाही. मी म्हणालो, “मी बघितलं नाही.” तिला आधी कळलंच नाही. मग तिने माझ्या मागच्या गर्दीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पोरींकडे गेली. सरांनी बास्केट रद्द केली.

मग मी वेड्यासारखा कॅमेऱ्यांच्या मागे लागलो. दोन फोटोग्राफर, तीन चॅनेलं, आणि लोकांचे पन्नासेक मोबाईल. एकेकाच्या हातापाया पडून तपासले. सगळ्यांत मुरारी. पुढून मुरारी, मागून मुरारी, छपरावर पडलेला बॉल. आमच्या पोरीची बास्केट एकातही नाही. सनीला म्हणालो, “मॅच कव्हर करायला आला होतास ना रे?” तो म्हणाला, “काका, मॅच कोण बघतं? दादांचा व्हिडिओ बघा, तासात ऐंशी हजार!” मला त्याच्या अंगावर थुंकावंसं वाटलं. थुंकलो नाही. कारण मग आरशावरही थुंकावं लागलं असतं.

मुरारी जाताना टेबलापाशी आला, म्हणाला, “नवनाथ, जमलं न्हाई रे, गुडघा दुखतोय.” त्याला मॅचचं काय झालं हे ठाऊकच नव्हतं. मी सांगितलंही नाही. काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा फोटो. बाजूने टिपलेला मुरारी, शॉट चुकल्यावर डोक्याला हात लावलेला. खाली लिहिलं होतं, ‘वय झालं, जिद्द तीच.’ फायनलचा निकाल नाही, पोरींची नावं नाहीत, ग्राउंडचं नावसुद्धा चुकलेलं.

दिवाळी झाली. एका सकाळी स्पाइन रोडला कंपनीची बस थांबली, तिच्यात हर्षाली चढताना दिसली. करडा गणवेश, गळ्यात ओळखपत्र. मी हात केला. तिनेही केला, वर धरून, लांबलचक. मग बस गेली.

त्याच आठवड्यात विजयश्री घरी आली, फाईल घेऊन. मी चहा ठेवायला सांगितला. ती म्हणाली, “उपविजेत्याच्या प्रमाणपत्रावर टेबलाची सही लागती. हर्षालीची फाईल हाय.” मी म्हणालो, “आता काय उपयोग, ताई?” ती म्हणाली, “फाईल तर पुरी पायजे.” मी मान खाली घालून पेन उघडलं, आणि प्रमाणपत्र कुठे आहे ते शोधायला घाईघाईने पानं उलटायला लागलो. तिने माझा हात धरला.

“हे तरी बगून सही करा, भाऊ.”

ओरडून नाही. टोमणा मारूनही नाही. रोज कंपनीत नवीन पोरींना सांगत असेल तसं.

मग मी बघितलं. एकेक पान. मागे कात्रणांच्या कोऱ्या पानांपैकी पहिल्यावर तो पेपरातला फोटो चिकटवलेला होता. मुरारी, त्याचा हार, त्याचा कान. आणि त्या कानाच्या मागे, लांब, कोर्टावर, पुसट असा एक हात वर झालेला. बोटं उघडी, रिकामी. त्याला निळ्या पेनाने बाण काढून हर्षालीने खाली लिहिलं होतं:

‘हा हात माझा आहे. बॉल सुटलेला आहे.’

त्या फोटोत घंटा दिसत नाही. मी ती कधी मारली, बॉल सुटण्याआधी की नंतर, ते फक्त मला ठाऊक असायला हवं होतं. पेन हातात धरून मी बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिलो, आणि विजयश्री समोर बसून, चहा गार होईपर्यंत, माझं बघून व्हायची वाट बघत होती.