पोट साफ झालं म्हणून शिरा

आमच्या घरात सकाळी एकच प्रश्न असायचा: "झालं का?" तो अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना असायचा आणि उत्तर बहुतेक वेळा नाही असंच यायचं. बीडहून येऊन ते चाकणच्या एका कंपनीत, पत्रा दाबून गाड्यांचे भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपला लागले आणि शिफ्ट बदलेल तसं पोट बिघडत गेलं. लाइनवरून मधेच उठायचं तर आपल्या जागी उभा राहणारा रिलीव्हर मिळायला हवा. तो मिळेपर्यंत पोटातली कळ दाबून धरायची. दाबता दाबता कळ यायचीच बंद झाली. तीन-चार दिवसांतून एकदा जायचे, तेही अर्धा तास आत बसून. पुनावळ्याच्या आमच्या वन बीएचकेत संडास एकच, त्यामुळे अण्णांचं पोट हा सगळ्या घराचा प्रश्न होता. मला शाळेला उशीर व्हायचा आणि मी चिडून दार बडवायचे.

आई हार मानणाऱ्यातली नव्हती. इसबगोल, एरंडेल, कोमट दुधात तूप, कुणी सांगेल ते चूर्ण. कंपनीच्या बसमध्ये निम्मे लोक हेच घेत. सगळ्यांचंच तसं होतं, म्हणून तसंच असतं असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं.

मी नोकरीला लागले त्या वर्षी, दसऱ्याच्या दिवशी, अण्णा पाच मिनिटांत बाहेर आले. दुसऱ्या दिवशीही. मग दिवसातून दोनदा, तीनदा जायला लागले. "लागू पडलं बघा चूर्ण!" म्हणत आईने पहिल्याच दिवशी भरपूर तूप घालून शिरा केला. शेजारीही वाटी पाठवली. कशाबद्दल ते मात्र सांगितलं नाही, आणि आम्ही हसून हसून बेजार झालो.

अण्णांचा पट्टा सैल झाला, तर ढेरी उतरली म्हणून आम्ही खूश. चेहरा पांढरट पडला, तर दोष नाइट शिफ्टचा. जाऊन आलं तरी पुन्हा जावंसं वाटतं, असं ते म्हणायचे. आई म्हणायची, "इतक्या वर्षांचं साचलेलं हाये, निघू द्या की." रक्त पडायचं ते त्यांनी आम्हाला सांगितलंच नाही. मूळव्याध काय, कंपनीत पुष्कळांना होती.

एक दिवस प्रेसपाशीच चक्कर येऊन पडले, तेव्हा आम्ही हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "पोटाच्या सवयीत काही बदल?"

आई अभिमानाने म्हणाली, "आता लय चांगलं हाये. दसऱ्यापासून रोज तीनदा."

बाई लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, कुणी दिवसातून तीनदा जातं, कुणी आठवड्यातून तीनदा, दोन्ही ठीक असू शकतं. बघायचं ते हे, की आपली नेहमीची सवय बदलली आणि बदललेलीच राहिली का. मग त्यांनी दुर्बिणीची तपासणी लिहून दिली. मला त्यांचाच राग आला. इतकी साधी गोष्ट आम्हाला आधी कुणीच कशी सांगितली नव्हती?

मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता, लिव्हरपर्यंत गेलेला. पुढचा दसरा अण्णांनी पाहिला नाही.

तेराव्याला सोसायटीतल्या एक काकू आल्या. आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "इतके महिने माणूस डोळ्यांदेखत खंगत होतं, तुम्हाला कळलं नाही का हो?" त्यांना दंडाला धरून बाहेर काढावं असं मला वाटलं.

आई मात्र शांत होती. "कळलं होतं की," ती म्हणाली. "सगळ्यांच्या आधी मलाच कळलं होतं. पहिल्याच दिवशी. मी शिरा केला."