मिथेनला मध्येच थांबवणारे साडू

काम अर्धवट राहावं म्हणून आयुष्यभर राबलेला माझ्या साडूंसारखा दुसरा माणूस भूतलावर सापडायचा नाही. फरीदाबादच्या एका प्रयोगशाळेत तीस वर्षं त्यांचा एकच ध्यास : मिथेन वायूचं मिथेनॉल करायचं, म्हणजे बाटलीत भरता येईल असं कामाचं द्रव रसायन. मिथेन आधी कशालाच बधत नाही आणि एकदा बधला की थांबत नाही, पार जळून कार्बन डायऑक्साइड होऊन मोकळा होतो. त्याला अर्ध्या वाटेत थांबवणारी तांब्याची भुकटी साडू शोधत होते. घरीही तेच. मेहुणी फोडणी घालायला लागली की हे मागून येऊन गॅस बंद करत, "बास! पुढे पूर्ण ज्वलन!" आणि आम्ही मुकाट्यानं कच्चा लसूण चावत असू. ती वैतागून म्हणायची, "अर्धवट आहात अगदी!" त्यावर हे हात जोडून, "थँक यू. तेच तर जमत नाहीये." गाझियाबादच्या त्यांच्या सोसायटीच्या चौकीदाराला कुणीतरी सांगितलं, की डॉक्टरसाहेब गॅसचं पाणी करतात. तो पोट धरून आला, "साब, मेरी भी गैस का कुछ कीजिए." साडूंनी त्याला बसवून घेतलं, अर्धा तास मिथेन समजावला आणि जाताना ओवा दिला. चौकीदाराला दोन्हींचा गुण आला म्हणे.

पण निवृत्ती जवळ आली तसं त्यांचं गॅस बंद करणंही थांबलं. तोवर द्रव दिसला नाही, तर प्रयोगशाळेतली त्यांची मिथेनची भट्टी मोडीत निघणार होती. शेवटच्या दिवशी निरोपाच्या सभेत हार तयार, समोसे गार, आणि उत्सवमूर्ती गायब. मी शोधत गेलो तर भट्टीपाशी एक चिमुकली कुपी उजेडात धरून उभे. हातात नुकताच आलेला तपासणीचा कागद.

"बहुतेक पाणीच आहे," ते म्हणाले, "पण सगळं पाणी नाहीये."

मला रसायनातलं ओ की ठो कळत नाही, तरी माझे डोळे भरून आले. भट्टी वाचली, त्यांच्या हाताखालची मुलगी आता ती चालवणार होती. तिला साडूंनी किल्ली दिली आणि तीन वेळा सांगितलं, घाई करू नकोस.

परतताना गाडीत त्यांच्या मांडीवर हार होता. त्यातली फुलं ते एकेक करून चाचपत होते. मग, माझ्या निवृत्तीला दोन वर्षं झालीत हे आठवून, त्यांनी हळूच विचारलं, "सकाळी उठून तुम्ही जाता तरी कुठं हो?"

मी म्हणालो, "उद्या चहाला माझ्याकडे या."