गप्प झालेला जोड

जमिनीखालून जाणाऱ्या हाय व्होल्टेज केबलींची नाडी बघणं हे त्यांचं काम, म्हणून सगळे त्यांना वैद्यबुवा म्हणत. केबलच्या जोडाला सेन्सर लावायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि आतली बारीक कुरकुर ऐकायची. ती ऐकू आली की जोड फुटायच्या आधीच बदलून टाकायचा.

त्या दिवशी जोडीदार खुशीत म्हणाला, "बुवा, मागच्या खेपेला कुरकुरणारा जोड आज गप्प आहे. बरा झाला वाटतं!"

"बरा कसला डोंबलाचा!" वैद्यबुवा खेकसले. "काही न करता गप्प झाला, म्हणजे आतून जळत आला असणार. आजच बदलायचा."

संध्याकाळी ते चिखलाच्या बुटांनीच घरात शिरले. बायको काहीच बोलली नाही. स्वयंपाकघरातला नळ टपटप गळत होता. त्यावरून रोज चालणारी तिची कुरकुरही बंद होती. बूट बाहेर भिरकावून, पाना घेऊन वैद्यबुवा तडक नळाला भिडले.

मग मागून आवाज आला, "पाना उलटा धरलाय. आणि ही लादी कोण पुसणार?"

वैद्यबुवांच्या जिवात जीव आला. जोड शाबूत होता.