आस्मुंद सोनाराचं खारवणघर

हेरिंग मासळीचा हंगाम सुरू झाला की टेर्नव्हीक बंदरात आस्मुंद रोसनेसच्या दुकानात गर्दी व्हायची. पण विकत घ्यायला कोणी येत नसे. यायच्या त्या धक्क्यावर मासळी खारवणाऱ्या बायका. मिठाच्या पाण्याने त्यांची बोटं सुजायची आणि अंगठ्या मांसात रुतायच्या. आस्मुंद बारीक करवतीने अंगठी कापायचा. वसंतात सूज उतरली की तीच अंगठी डाख देऊन पुन्हा जोडून द्यायचा. पैसे विचारले तर म्हणायचा, "तुझी अंगठी तुझीच आहे. मी काय विकलं?"

तो मूळचा इथला नव्हता. डोंगरापलीकडच्या दरीतून आला होता. बाप दुसऱ्याच्या शेतावर राबायचा. आस्मुंद बर्गन शहरात सोनारकाम शिकला आणि तिथल्या संध्याकाळच्या शाळेत नक्षी काढता काढता घरं काढू लागला. टेर्नव्हीकचं वाचनालय त्याच्या हातचं. शाळेची ओसरीही त्याचीच. सुतार वैतागायचे. "आस्मुंद, तुझ्या नकाशात अर्ध्या मिलिमीटरचं माप असतं. अरे, लाकूड पावसात बोटभर फुगतं!"

"मग बोटभर जागा सोड," तो म्हणायचा.

पुढे लोकांनी त्याला नगरसभेत पाठवलं. तिथेही तो दुकानातल्यासारखंच हळू बोलायचा. लोक ऐकायला पुढे वाकायचे. त्या वर्षी त्याचं एकच म्हणणं होतं. धक्क्यावर खारवणघर बांधायचं. वर छप्पर, वाऱ्याच्या बाजूला भिंत, आणि शेजारी एक खोली, जिथे चूल असेल आणि हात धुवायला गरम पाणी. व्यापारी क्राबेशेठ विरोधात होता. मतं मोजून मापून होती. बाजूने एकच जास्त.

ठरावाच्या दिवशी दुपारी गुन्वोर दुकानात आली.

गुन्वोरही खारवणारी. नवरा पेडर दोन हिवाळ्यांपूर्वी बोटीबरोबर समुद्रात बुडाला. तो सापडला नाही. तिच्या उजव्या हाताचं बोट निळं पडलं होतं. डॉक्टरने बजावलं होतं, आज अंगठी निघाली नाही तर उद्या बोट जाईल.

आस्मुंदने करवत उचलली. तिने हात मागे घेतला.

"कापायची नाही, सोनारबुवा."

"परत जोडून देतो की. सगळ्यांची देतो."

"सगळ्यांचे नवरे घरी आहेत. ही पेडरने घातली. तो गेला तेव्हा चर्च होतं, पाद्री होता, पण पुरायला मला काहीच मिळालं नाही. आता ही मी माझ्या हाताने तोडू?"

आस्मुंदने करवत खणात ठेवली. बाहेरून बादलीभर बर्फ आणला, तिचा हात त्यात बुडवला, मग उंच धरायला लावला. रेशमी धागा घेतला आणि नखापासून अंगठीपर्यंत बोटाला घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळला. सूज दाबली गेली. धाग्याचं टोक त्याने सुईने अंगठीखालून पलीकडे काढलं. आता टोक ओढत एकेक वेढा उलगडायचा, आणि अंगठी केसभर पुढे सरकायची. सांध्याशी आली की अडायची. मग पुन्हा बर्फ, पुन्हा धागा.

दार धाडकन उघडलं. इंगवाल्द आला. बोटीचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या, आणि नगरसभेत आस्मुंदच्याच पक्षाचा.

"आस्मुंद, सभा भरलीये. चल."

"आलोच. थोडं राहिलंय."

इंगवाल्द बाहेर पायरीवर उभा राहिला. बर्फ पडत होता. थोड्या वेळाने पुन्हा आत डोकावला. टोपी पांढरी झाली होती.

"अरे, करवत घे, काप आणि ऊठ! एका अंगठीचं एवढं काय?"

"बाई नको म्हणतेय."

"बाई नको म्हणतेय! आणि तिकडे क्राबे बसलाय दात काढत!"

"धागा बांधलेला आहे, इंगवाल्द. मधेच सोडला तर बोट दुप्पट सुजेल. तू हो पुढे."

इंगवाल्द गेला. जाताना दार उघडंच टाकून गेला. गुन्वोरने विचारलं, "कसली सभा?" आस्मुंद म्हणाला, "नेहमीची." आणि खाली मान घालून धागा ओढत राहिला. अंगठी सांध्यावरून निघाली तेव्हा दोघांनाही घाम फुटला होता. अंगठी अखंड होती. त्याने ती पुसून तिच्या डाव्या तळहातावर ठेवली. मग कोट चढवला आणि धावत सुटला.

खारवणघराचा ठराव तोवर बारगळला होता. दोन्ही बाजूंना सारखी मतं पडली आणि अध्यक्षाने आपलं मत क्राबेच्या पारड्यात टाकलं.

गुन्वोरला हे दुसऱ्या दिवशी धक्क्यावर मालेनाने सांगितलं. मालेना सगळ्यांत जुनी खारवणारी. तिच्या तिखट जिभेला मिठाची गरज नव्हती.

"तुझं बोट महागात पडलं गं, बाई. आम्हा सगळ्यांच्या डोक्यावरचं छप्पर गेलं."

संध्याकाळी गुन्वोर आस्मुंदच्या दुकानाच्या दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

निवडणूक आली. टेर्नव्हीकमध्ये मतपत्रिकेवरचं नको असलेलं नाव खोडता येतं आणि हवं ते नाव लिहिताही येतं. इंगवाल्दने आणि बोटीवरच्या बाप्यांनी आस्मुंदचं नाव खोडलं. नाव खोडायचा हा बेत बायकांनाही आधीच कळला होता. मालेना पिंपापिंपाशी फिरून कुजबुजली. निकाल लागला तेव्हा आस्मुंद पडला होता आणि पेन्सिलीने लिहिलेलं एक नाव निवडून आलं होतं. गुन्वोर.

"मला विचारलं का नाहीत?" ती रडवेली झाली.

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस," मालेना म्हणाली. "जा. छप्पर घेऊन ये."

ठराव पुन्हा आला. आस्मुंद मागे, लोकांच्या बाकांपाशी, टोपी हातात धरून उभा होता. इंगवाल्द त्याच्याकडे बघत नव्हता. तो आधीच जाहीर करून बसला होता, या सोनाराच्या कागदाला माझा हात वर होणार नाही. तो आडवा गेला तर सगळं पुन्हा बुडणार होतं.

क्राबेशेठ उठला. "हात गार पडतात म्हणून घर बांधायचं. उद्या पाय गार पडले तर काय, समुद्र तापवायचा?"

लोक हसले. गुन्वोर उभी राहिली. पाठ करून आणलेलं सगळं ती विसरली.

"मागच्या वेळी हे माझ्यामुळे पडलं," ती म्हणाली. "त्यांनी अंगठी कापली असती तर वेळेवर पोचले असते. मी नको म्हटलं. मला ठाऊक नव्हतं. ज्याला राग असेल त्याने तो माझ्यावर काढावा. त्यांच्यावर नको. खारवणघरावर तर नकोच."

ती खाली बसली. इंगवाल्द खाकरला.

"बोट वाचलं, चांगलं झालं. माझं त्याला काही म्हणणं नाही. पण या माणसाने मला पायरीवर उभं ठेवलं. बर्फात!"

मागून मालेनाचा आवाज आला. "अरेरे! आम्ही तर हंगामभर उभ्या असतो, इंगवाल्द!"

सभागृह खदखदून हसलं. क्राबेशेठसुद्धा. अध्यक्षाने टेबल आपटलं. इंगवाल्दचे कान लाल झाले. मतदान पुकारलं गेलं. त्याने मोजणाऱ्याकडे रागाने पाहिलं आणि हात वर केला.

ठराव एका मताने पास झाला.

दुसऱ्या दिवशी आस्मुंद मोजपट्टी घेऊन धक्क्यावर आला. बायका मासे साफ करत होत्या. तो प्रत्येकीपाशी थांबून जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजू लागला.

"सोनारबुवा, बोटं झाली, आता कोपरावर आलात?" मालेना ओरडली. "पुढच्या वर्षी कुठवर येणार?"

तो कानापर्यंत लाल झाला. "टेबलं. टेबलं किती उंच हवीत ते कोपरावरून ठरतं."

"मग सगळ्यांना एकच टेबल कसं चालेल? ही बघा केवढी, मी बघा केवढी!"

"म्हणूनच मोजतोय. तीन उंचीची करीन."

गुन्वोरची पाळी आली. तिने सुरी खाली ठेवली. इतके महिने गिळलेलं तिला आता बोलायचंच होतं.

"सोनारबुवा, तुमची खुर्ची गेली माझ्यामुळे. आणि मी कधी आभारही मानले नाहीत."

"ती खुर्ची?" आस्मुंद पट्टी सरळ करत म्हणाला. "फार उंच होती. माझे पाय टेकायचे नाहीत. तुझे टेकतात का?"

"नाही टेकत," ती म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघ. तीही कोणीतरी न मोजताच केली." तो वाकला. "हलू नकोस. हात सैल सोड."

ती स्थिर उभी राहिली. मागे बायकांची रांग लागली होती.