तपासणाऱ्याचा रकाना

बॅकस्पेसने एखादी ओळ पुसली की काका हाताच्या कडेने कीबोर्ड झटकायचे. दोनदा. खोडरबराचा भुगा झटकतात तसा. कीबोर्डवर भुगा कुठून येणार? पण कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात चौतीस वर्षं झटकायची सवय लागलेला हात तो, त्याला आता कागद नाही हे कोण सांगणार! झटकून झालं की खुर्ची मागे सरकवायचे आणि मला म्हणायचे, "हं, आता तू बघ. करणाऱ्याने तपासायचं नसतं."

हा त्यांच्या ऑफिसातला नियम. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असायची. तीत तीन रकाने: काढले, तपासले, बदल. काढणारा एक, तपासणारा दुसरा. दोन्ही सह्या एकाच हाताच्या दिसल्या तर कागद वर्कशॉपमध्ये जातच नसे. काका म्हणायचे, "आपली चूक आपल्याला दिसत नाही. डोळा ओळखीचा झालेला असतो."

ते आणि काकू भोपाळला, कारखान्याच्या टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये राहायचे. मी शेजारच्या इंद्रपुरीत वाढले, बाबा त्याच कारखान्यात फिटर, तिथली ही ओळख. मी पत्रकं लिहिते. कॉलेजपासून तेच करतेय. बसचे थांबे, पाणी, कंत्राटी कामगार, जिथे अन्याय तिथे माझं पत्रक. काका ते हातात घेऊन चष्मा कपाळावर चढवायचे. "एका वाक्याला तीन उद्गारचिन्हं? पुढारीणबाई, एवढं कुणावर ओरडताय? वाचणारा तर आपलाच माणूस आहे."

निवृत्तीनंतर त्यांनी वेबसाइट बनवायला शिकायचं ठरवलं. का, ते कुणाला कळलं नाही. काकू म्हणायच्या, "दुसरे लोक भाजी आणतात."

एम. पी. नगरात क्लास लावला. पहिल्या दिवशी पोरांना वाटलं, कुणाचे तरी आजोबा फी भरायला आलेत. सर आत आले तसे काका उठून उभे राहिले. सर त्यांच्या मुलापेक्षा लहान. तो बिचारा लाजून म्हणाला, "अंकल, प्लीज बैठ जाइए." शेवटच्या दिवसापर्यंत ते उभे राहत होते, आणि शेवटी शेवटी अर्धा वर्गही उभा राहायला लागला होता.

एकदा सर म्हणाले, "अंकल, इतना टाइप क्यों कर रहे हैं? कॉपी कर लीजिए." काका म्हणाले, "सर, कॉपी ट्रेसर करता था. मैं ड्राफ्ट्समन हूँ." ट्रेसर म्हणजे दुसऱ्याने काढलेलं ड्रॉइंग नुसतं गिरवणारा.

पान आधी आलेखाच्या कागदावर काढायचे. शिसपेन्सिलीने, मापांसकट. मथळा इतके मिलिमीटर, समास इतका. मग ते संगणकावर उतरवायचे, छापून घ्यायचे, कोपऱ्यात चौकट आखायचे आणि सहीसाठी मला शोधत यायचे. मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. मी सही ठोकायचे. ते कागदाकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे. "वाचलंस?" "हो काका." "सगळं?" "हो ना!" मग चहा यायचा.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती सांगताना मला अजूनही चिडायला होतं, आणि कुणावर चिडायचं ते ठरत नाही.

टाउनशिपमध्ये आमच्या बाजूला एक डिस्पेन्सरी होती. दोन खोल्या, एक डॉक्टर, एक कंपाउंडर, एक वाफेचं मशीन. काकूंना दमा. छाती भरून आली की काका त्यांना हाताला धरून पाच मिनिटांत तिथे नेत. वाफ घेऊन दोघं रमतगमत परत येत, येताना पेरू घेत. मोठं हॉस्पिटल पार दुसऱ्या टोकाला, रिक्षा मिळाली तर.

एक दिवस डिस्पेन्सरीच्या दारावर नोटीस लागली. बंद करण्याचा विचार आहे, हरकती पंधरा दिवसांत पाठवाव्यात. फक्त ईमेलने. प्रत्येकाने स्वतंत्र. सामूहिक सह्या चालणार नाहीत. वाचा पुन्हा. ज्यांना मोबाइलचा आवाज कमी करायला नातू लागतो, त्या म्हाताऱ्या माणसांनी ईमेल लिहायचा! हे न जमण्यासाठीच लिहिलं होतं, असं मी तेव्हा पत्रकात म्हटलं आणि आजही म्हणते.

मी तडक काकांकडे गेले. "काका, एक पान बनवा. नाव, स्टाफ नंबर, हरकत. बटण दाबलं की ती माझ्या मेलवर यायला हवी. मी एकेक पुढे पाठवते."

ते म्हणाले, "मला पान येतं. फॉर्म अजून येत नाही. तो धडा सुरूच केलाय नुकता."

"मग शिका ना! टाइम कुठाय?"

आत काकूंचा खोकला चालू होता. काकांनी तिकडे बघितलं आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

चार दिवसांत पान तयार झालं. साधं, स्वच्छ, मोठ्या अक्षरांचं. बटण दाबलं की हिरव्या चौकटीत यायचं: 'धन्यवाद. आपली हरकत मिळाली.' छापील कागद माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "पोचतंय का, ते तू बघायचं. मी नाही बघणार."

मी माझं नाव भरलं, बटण दाबलं, धन्यवाद आलं. मी सही केली.

मेलबॉक्स उघडून बघितला नाही. खाली रिक्षा उभी होती, पत्रकांचे गठ्ठे घेऊन.

पुढचे दिवस टाउनशिपमध्ये उत्सव होता. मी घरोघर फोन घेऊन फिरत होते, लोक बोट पुढे करून बटण दाबत होते. काकांच्या समोरच्या क्वार्टरमधले मिश्राजी, एकेकाळी क्रेन चालवणारे, गेटवरूनच ओरडले, "बिटिया, मेरा हो गया! धन्यवाद आ गया!" भाजीवाल्यापाशी बायका एकमेकींना विचारायच्या, "आपका धन्यवाद आया?" काका संध्याकाळी ओट्यावर बसून ऐकायचे आणि हाताच्या कडेने रिकामाच ओटा झटकायचे.

आता माझी अक्कल ऐका. रोजच्या रोज पुढे पाठवायच्या त्या हरकती मी थांबवून ठेवल्या, मेलबॉक्समध्ये डोकावलेही नाही. शेवटच्या दिवशी एकदम पाठवायच्या, साहेबांच्या तोंडावर गठ्ठा आपटायचा, असा माझा बेत. पत्रकात शोभेल असा.

शेवटच्या दिवशी दुपारी मेलबॉक्स उघडला. एकही हरकत नव्हती. माझी स्वतःचीही नाही.

धावत काकांकडे गेले. ते संगणकापुढे बसले, वाचत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "धड्यात एवढंच होतं. बटण दाबलं की धन्यवाद दाखवायचं. पाठवायचं कसं ते पुढच्या धड्यात आहे. पुढचा धडा आहे हेच मला माहीत नव्हतं." चष्मा काढून ते म्हणाले, "मला वाटलं, धन्यवाद आलं म्हणजे पोचलं."

दाबलेलं कुठेच साठलं नव्हतं. पुन्हा सगळ्यांकडे जाऊन एकेक मेल टाइप करण्याइतका वेळ नव्हता. जेवढ्या दारांपर्यंत पळता आलं तेवढ्यांच्या हरकती कागदावर लिहून घेतल्या आणि आम्ही दोघं ऑफिसात गेलो. खिडकीतल्या बाबूने नोटिशीवर बोट ठेवलं. "ईमेल से भेजिए." मी भांडले. जेवढं येतं तेवढं सगळं भांडले. काका बाजूला उभे होते, कागद छातीशी धरून. पाच वाजले आणि खिडकी बंद झाली.

मिश्राजींना सांगायला मीच गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "पर बिटिया, धन्यवाद तो आया था."

डिस्पेन्सरीला कुलूप लागलं. पानाच्या तळाशी मात्र दुसऱ्याच दिवशी एक ओळ आली: 'बदल १. हरकती पोचत नव्हत्या. चूक काढणाऱ्याची.'

मी तणतणत गेले. "काका, हे काढा. चूक माझी आहे. मी न बघता सही केली."

"तुझं नाव तपासलेच्या रकान्यात आहेच की," ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात, म्हणून जास्त लागलं. "काढणाऱ्याची ती काढणाऱ्याची. चुकलं की खाली लिहायचं. म्हणजे पुढचा फसत नाही."

ते पुढच्या धड्याला लागले. बदल २, बदल ३. मला निरोप येत राहिले: येऊन बघून जा. मी म्हटलं, आता काय उपयोग? ते म्हणाले, "उपयोगाचं नंतर. पोचतंय का तेवढं बघ." मी गेले नाही. मला ते पान बघवत नव्हतं.

थंडीत काकूंना दोनदा रिक्षातून मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. दुसऱ्या वेळी रिक्षाच मिळेना, मिश्राजींनी स्कूटरवर नेलं. मग पुण्याहून मुलगा आला आणि दोघांना घेऊन गेला. एवढी वर्षं इथे काढलेली माणसं, आठवड्यात सामान बांधून गेली. मी त्या दिवशी कुठल्याशा मोर्चात होते. मुद्दाम.

ते पुण्याला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मेलबॉक्समध्ये एक मेल दिसला. पानावरून आलेला. नाव त्यांचं, स्टाफ नंबर त्यांचा. हरकत: 'पत्नीस दम्याचा त्रास आहे. डिस्पेन्सरी घरापासून पाच मिनिटांवर आहे. कृपया बंद करू नये.' आदल्या सकाळचा. संगणक खोक्यात भरायच्या आधी पाठवला असणार.

मी पान उघडलं. नाव भरलं, हरकत लिहिली, एकही उद्गारचिन्ह न घालता. बटण दाबलं. धन्यवाद आलं. या वेळी मेलबॉक्स उघडून बसले. अर्ध्या मिनिटात माझी हरकत माझ्याकडे आली.

फोन केला. काकूंनी उचलला. "थांब हं. इथेही क्लास लावलाय, आत्ताच आलेत."

"काका, पोचतंय. मी तपासलं."

"दोनदा बघितलंस?"

"एकदाच."

"मग अजून एकदा बघ."

"बघते. खाली माझं नाव टाका ना, तपासलेच्या रकान्यात."

मागे काकू खोकत होत्या.

"फोनवर नाही चालत गं," ते म्हणाले. "सही समोर बसून करायची असते. येशील तेव्हा कर. कागद छापून ठेवलाय."

मी अजून गेलेले नाही. डिस्पेन्सरीवरून रोज जाते, कुलूप तेच आहे. पान कधीकधी उघडते. तळाशी शेवटची ओळ आहे: 'बदल ४. आता पोचते.' पुढे काढले, त्यांचं नाव. त्याच्या पुढे तपासले, आणि रिकामी जागा.