दिपमालाचा झोका

भडगावला आमच्या अंगणात मोठा कडुनिंब आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या मुलींसाठी त्याला झोका बांधायचं काम माझ्याकडे असतं. लिहिण्याचा मला सराव नाही, दोराची गाठ तेवढी जमते.

शेजारच्या भागाबाईची लेक दिपमाला धुळ्याहून येते. चाळिशी उलटली, तरी सर्वांत उंच झोका तिचाच. वर गेली की गिरणा नदीच्या वाळूपलीकडचं काहीतरी पाहून आल्यासारखी ती खाली यायची, डोळे अजून तिकडेच.

गेल्या आखाजीला तिच्या भावजयीनं, सारिकानं, तो झोका मोबाइलवर घेतला आणि कौतुकानं टाकला. खाली अनोळखी लोकांनी लिहिलं, ‘आधी फांदी वाचवा.’ तेव्हापासून दिपमाला दार लावून मोबाइलमधल्या बारीक बायकांसारख्या उड्या मारते, अर्धी भाकरी खाते, आरशाकडे पाठ करून केस विंचरते.

‘‘व्यायाम कसना, नाना? शिक्षा भोगस ती,’’ भागाबाई मला म्हणाली होती.

यंदा दिपमाला आली, पण ओट्यावरच बसून राहिली. निंबाला मोहोर होता. रिकामा झोका वाऱ्यानं आपोआप हलत होता, जणू कुणीतरी न दिसणारं त्यावर बसलं होतं.

‘‘चाल वं,’’ सत्तरीच्या भागाबाईनं पदर खोचला. ‘‘मी बी चढस.’’

‘‘माय, फांदी मोडी जाई!’’

‘‘मोडू दे. तुना बापनी शे का? नानानी शे. नाना, सांगा ना हिले!’’

मला चारचौघांत बोलायला सुचत नाही. मी गेलो आणि झोक्यावर बसलो. बायका किंचाळल्याच. आखाजीच्या झोक्यावर पुरुष!

‘‘नाना, बांगड्या भरू का?’’ सारिका ओरडली.

दिपमालाला हसू फुटलं. ती उठली, तरातरा आली.

‘‘उतरा, नाना. हाऊ मना झोका शे.’’

मी मुकाट्यानं उतरलो. मायलेकी झोक्यावर समोरासमोर उभ्या राहिल्या. सारिकाचा हात सवयीनं मोबाइलकडे गेला. दिपमालाचा चेहरा क्षणभर आक्रसला. सारिकानं मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला आणि जोर लावून झोका दिला.

फांदी करकरली. मोहोर गळू लागला, आमच्या डोक्यांवर, ओट्यावर, पालथ्या मोबाइलवर. झोका चढत गेला. मायच्या निळ्या लुगड्याचा आणि लेकीच्या पिवळ्या साडीचा एकच रंग झाला.

‘‘माय,’’ वरून दिपमालाचा आवाज आला, ‘‘नदीपलीकडे समदं तसंच शे!’’